खोट्या मैत्रीचे मोल

गुन्हेगारांच्या टोळीत पोलिसांचा माणूस गुन्हेगार बनून शिरतो, त्यांच्या पंक्तीला बसतो, त्यांचा विश्वास संपादन करतो आणि वेळ येताच त्यांना कायद्याच्या हवाली करतो, ही कथा सिनेमाच्या पडद्यावर किती वेळा आली असेल याची गणती नाही. ख्रिस्ती माणसाने सिनेमा पाहावा की पाहू नये, हा जुना वाद आज आपण बाजूस ठेवू. घरातील मुले तो पाहतात आणि वडील मंडळीही पाहतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा जे पाहिले जाते त्याविषयी विचार करणे हे न पाहिल्यासारखे करण्यापेक्षा बरे.

असा चित्रपट पाहताना आपल्या मनाची स्थिती काय असते ते आठवून पाहा. टोळीचा नायक त्या सोंग घेतलेल्या माणसाकडे रोखून पाहतो, एखादा अडचणीचा प्रश्न विचारतो, आणि इकडे आपला श्वास रोखला जातो. मनातल्या मनात आपण धावा करतो की, देवा, ह्याचे सोंग उघडे पडू देऊ नकोस. म्हणजे खोटे यशस्वी व्हावे म्हणून आपण देवाची करुणा भाकतो! रविवारच्या शाळेत ज्यांनी मुलांकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या, तेही त्या घटकेला हाच धावा करतात. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. चांगल्या कामासाठी खोटे बोलावे काय, आणि त्याहून पुढचा प्रश्न, चांगल्या कामासाठी एखाद्याशी खोटी मैत्री करावी काय, हा तो विचार आहे.

आपल्याकडे ह्या प्रकारातील सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे १९७८ सालचा 'डॉन'. चंद्रा बारोट यांनी तो दिग्दर्शित केला आणि सलीम-जावेद यांनी लिहिला. डॉन पोलिसांच्या हाती लागून मरतो. डी'सिल्व्हा नावाचा पोलीस अधिकारी ही गोष्ट लपवतो आणि डॉनसारख्याच दिसणाऱ्या विजय नावाच्या गरीब माणसाला त्याच्या जागी टोळीत पाठवतो. त्याबद्दल विजय सांभाळत असलेल्या दोन मुलांच्या शिक्षणाची सोय व्हायची असते. विजय खरा कोण हे जगात एकट्या डी'सिल्व्हाला ठाऊक. आणि तोच मारला जातो. मग विजयला पोलीस डॉन समजून धरू पाहतात आणि टोळी फितूर समजून मारू पाहते. ह्याच कथेत पोलिसांच्या बाजूचा म्हणून वावरणारा एक मोठा अधिकारी प्रत्यक्षात टोळीचा म्होरक्या निघतो. करमणुकीच्या चित्रपटात हे सारे रंगतदार वाटते. पण त्यात एक गंभीर सत्य दडलेले आहे : ज्याने आपले खरे नाव एकाच माणसाच्या ओंजळीत ठेवले, त्याचे नाव त्या माणसाबरोबर पुरले जाऊ शकते.

अमेरिकेत ही कथा फार आधीपासून सांगितली जात होती. अँथनी मान यांच्या 'टी-मेन' ह्या १९४७ सालच्या चित्रपटात खोट्या नोटा छापणाऱ्या टोळीत सरकारी खजिना खात्याचे दोन हस्तक शिरतात. त्यांपैकी एकाची पत्नी बाजारात अवचित समोर येते. तिची मैत्रीण त्याला नावाने ओळखते. टोळीचा माणूस शेजारीच उभा. पत्नी क्षणात सारे उमगते आणि हा माझा पती नव्हे असे सांगते. तरीही संशय पक्का होतो आणि पुढे तो मारला जातो, तो त्याच्या साथीदाराच्या डोळ्यांदेखत. साथीदाराला तोंडावरची रेषही हलवता येत नाही. पेत्राने मुख्य याजकाच्या अंगणात प्रभूला नाकारले ते भीतीपोटी. ह्या स्त्रीने पतीला नाकारले ते प्रीतीपोटी. शब्द जवळजवळ तेच, पण अंतःकरण किती निराळे! खोटे बोलण्याचा प्रश्न नुसत्या शब्दांवर तोलता येत नाही, हे ह्या एका प्रसंगावरून ध्यानी यावे.

दोन वर्षांनी, १९४९ साली, राऊल वॉल्श यांचा 'व्हाइट हीट' आला. त्यातील कोडी जॅरेट हा खुनी दरोडेखोर जगात फक्त आपल्या आईवर विश्वास ठेवतो. तुरुंगात पोलिसांचा हस्तक त्याचा सोबती बनतो, त्याच्या दुखण्यात त्याला सांभाळतो. आई मेल्यावर तिचा अर्धा वाटा कोडी ह्या नव्या मित्राला देऊ करतो. ज्याने कोणालाही दया दाखवली नाही त्या माणसाने आयुष्यात आईखेरीज एकावरच जीव लावला, आणि तो एक सरकारचा हेर होता. कोडीचा अंत पाहून न्याय झाला असे वाटते. पण त्या न्यायाला कडवट चव आहे, आणि ती चव प्रेक्षकाच्या जिभेवर घरी जाईपर्यंत राहते.

ही केवळ परदेशी किंवा पडद्यावरची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. हैदराबादेतील जामबाग हा भाग मराठी माणसाला विवेकवर्धिनीमुळे ठाऊक आहे. १९०७ साली निघालेल्या त्या शाळेने निजामाच्या राज्यात मराठी शिक्षणाचा दिवा तेवत ठेवला. ह्या जामबागेतून कोठीकडे पायी निघाले की थोड्याच वेळात जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिक याने ती बांधवली. आज तेथे मुलींचे उच्च शिक्षण चालते. त्या शतकाच्या चौथ्या दशकात कंपनी सरकारने ठगांचा पाठलाग आरंभिला, तेव्हा त्याचे धागेदोरे निजामाच्या मुलखातही पसरले. निजामाच्या नोकरीत असलेल्या आणि पुढे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहिलेल्या मेडोज टेलर याने १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली आणि हा विषय इंग्लंडातील घराघरांत पोचवला.

ठगांची रीत कोणती होती? ते वाटमाऱ्यांसारखे झाडीतून धावून येत नसत. व्यापारी, शिपाई किंवा यात्रेकरू बनून ते प्रवाशांच्या तांड्यात मिसळत, दिवसचे दिवस सोबत चालत, गोष्टी सांगत, एकाच चुलीवरचे खात. आणि वाटसरू पुरता निर्धास्त झाला म्हणजे त्याच्या गळ्याभोवती रुमाल आवळीत. गोड बोलून वाटसरूला जवळ आणणाऱ्याला त्यांच्या सांकेतिक बोलीत 'सोथा' असे नाव होते. आपल्या भाषेत 'ठग' ह्या शब्दाचा मूळ अर्थ खुनी असा नाहीच. ठग म्हणजे फसवणारा. त्यांच्या पापाचे मर्म लोकांनी त्या शब्दात बरोबर पकडले आहे.

आणि ह्या ठगांना सरकारने पकडले ते कशाच्या जोरावर? फितूर झालेल्या ठगांच्या. विल्यम स्लीमन ह्या अधिकाऱ्याने फिरंगिया नावाच्या प्रसिद्ध जमादाराची आई, बायको आणि मूल ताब्यात घेतले. घरच्यांच्या ओढीने तो फार दूर जाऊ शकला नाही व हाती लागला. मग जीवदान मिळालेल्या अशा माफीच्या साक्षीदारांनी आपल्या सोबत्यांना, नातलगांना ओळखून दिले, पुरलेली प्रेते दाखवली. पुष्कळांना फाशी झाली. ठगांविषयीच्या वर्णनांत अतिशयोक्ती किती, असा वाद आज इतिहासकारांत आहे, आणि त्याचे एक कारण हेच की बरीचशी माहिती स्वतःचा जीव वाचवू पाहणाऱ्यांच्या तोंडून आली. रस्ते निर्भय झाले हे चांगलेच झाले. परंतु ठगाचे हत्यार विश्वास होते, आणि ठगाला पकडणाऱ्याचे हत्यारही विश्वासच ठरले. ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. शास्त्र हा प्रश्न टाळत नाही. मिसरातील शिफ्रा व पुवा ह्या सुइणींनी फारोला खरे सांगितले नाही आणि इब्री बाळे वाचवली. देवाने त्यांचे कल्याण केले असे निर्गमाच्या पहिल्या अध्यायात लिहिले आहे. राहाबेने हेर छपरावर लपवले आणि राजाच्या माणसांना भलत्याच वाटेला लावले. इब्री लोकांस पत्रात तिचे नाव विश्वासाच्या वीरांत आले. पण आपल्या विषयाला सर्वांत जवळची कथा आहे ती हूशय अर्कीची. अबशालोमाने बंड केले, दावीद रडत जैतुनाच्या डोंगरावर चढला, आणि तेथे भेटलेल्या ह्या जुन्या मित्राला त्याने परत नगरात पाठवले : अबशालोमाचा चाकर हो आणि अहीथोफेलाचा सल्ला मोडून काढ. दुसऱ्या शमुवेलाच्या सोळाव्या अध्यायात अबशालोम हूशयाला विचारतो की, आपल्या मित्रावर तुझी निष्ठा ती हीच काय? किती विलक्षण प्रश्न! हूशय त्या क्षणी आपल्या मित्राशी पूर्ण निष्ठावंत आहे, आणि म्हणूनच समोरच्याशी पूर्ण खोटा आहे. त्याची मसलत मानली गेली, दावीद वाचला. अहीथोफेलाने घरी जाऊन गळफास घेतला. अबशालोमही मेला, आणि ज्या बापासाठी हे सारे केले तो बाप वेशीवरच्या माडीत ऊर फुटेतो रडला.

दावीदाचीच आणखी दोन प्रकरणे आहेत, ती आपण व्याख्यानांतून क्वचितच ऐकतो. शौलापासून पळताना त्याने नोब येथे अहीमलेख याजकाला राजाच्या कामगिरीवर असल्याची थाप मारली आणि भाकर व तलवार घेतली. त्या थापेपायी पंच्याऐंशी याजक मारले गेले, आणि हे माझ्यामुळे घडले असे दावीदाने अब्याथाराजवळ कबूल केले. पुढे तो पलिष्ट्यांच्या मुलखात गथाचा राजा आखीश याच्या आश्रयाला एक वर्ष चार महिने राहिला. लुटीला जायचा एकीकडे आणि आखीशाला सांगायचा दुसरेच. पहिल्या शमुवेलाच्या सत्ताविसाव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की, कोणी गथास जाऊन खरे सांगू नये म्हणून तो पुरुष वा स्त्री जिवंत ठेवीत नसे. सोंग टिकवण्यासाठी रक्त लागते ते असे. आणि ज्याला फसवले तो आखीश मात्र शेवटपर्यंत दावीदाची बाजू घेतो, त्याला देवदूतासारखा मानतो. आखीश हा परका, मूर्तिपूजक, इस्राएलाचा शत्रू. तरीही त्या अध्यायात प्रामाणिक माणूस तोच दिसतो. शास्त्राने हे झाकून ठेवले नाही, हा शास्त्राचा मोठेपणा होय.

मंडळीच्या इतिहासात हा प्रश्न अगदी नेमक्या रूपात एकदा पुढे आला. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी स्पेन देशात प्रिस्किलियनाचे अनुयायी म्हणून एक गुप्त पंथ होता. हे लोक वरकरणी मंडळीत येत आणि आपली खरी मते लपवण्यासाठी खोटे बोलणे योग्य मानीत. कोन्सेंटियस नावाच्या एका उत्साही गृहस्थाला वाटले की आपणही त्यांच्यापैकीच आहोत असे भासवून आत शिरावे आणि त्यांना उघडे पाडावे. ऑस्ट्रियन विद्वान योहानेस दिवयाक यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या जुन्या पत्रांवरून कळते की त्याने सांगितल्यावरून फ्रोंतो नावाच्या संन्याशाने हे प्रत्यक्ष केलेही. त्याने सेवेरा नावाच्या बाईचा विश्वास मिळवून तिच्याकडून माहिती काढली. पुढे प्रकरण इतके चिघळले की फ्रोंतोचाच जीव धोक्यात आला.

कोन्सेंटियसाला उत्तर म्हणून संत ऑगस्टीनने इ. स. ४२० च्या सुमारास खोटेपणाविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : लबाडीबद्दल ज्यांना दोष द्यायचा, त्यांना लबाडीनेच पकडले तर त्यांच्यात व आपल्यात उरले काय? आणि उद्या त्यांच्यापैकी कोणी पश्चात्ताप करून आपल्याकडे आला, तर आपल्या उपदेशावर त्याने विश्वास कसा ठेवावा? काल आपण त्याच तोंडाने त्याला फसवले होते. राहाब व सुइणी यांच्याविषयी तो म्हणतो की, देवाने प्रतिफळ दिले ते त्यांच्या दयेला, त्यांच्या असत्याला नव्हे.

ऑगस्टीनच्या ह्या कठोर निर्णयापुढे एकदम मान तुकवणे मला जड जाते. घराच्या पोटमाळ्यावर निरपराध माणूस लपला आहे आणि खुनी दाराशी येऊन विचारतो आहे, तेव्हा काय करावे? जर्मनीतील पाळक व ईश्वरविज्ञानाचे पंडित डिट्रिख बॉनहोफर हे हिटलरच्या राजवटीत लष्करी हेरखात्यात नोकरीला राहिले. दिसायला ते राज्याचे सेवक होते. वास्तविक ते त्या राज्याविरुद्धच्या कटात सामील होते. ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्ग येथे फाशी देण्यात आले. तुरुंगात त्यांनी खरे बोलणे म्हणजे काय ह्यावर एक निबंध लिहावयास घेतला होता. त्यात एका मुलाचे उदाहरण आहे. शिक्षक सर्व वर्गासमोर विचारतो की तुझा बाप दारू पिऊन घरी येतो हे खरे काय. मूल नाही म्हणते. बॉनहोफर यांच्या मते खोटेपणाचा अधिक दोष त्या मुलाकडे नसून, ज्याला विचारण्याचा अधिकारच नव्हता त्या शिक्षकाकडे आहे. सत्य हे नात्यात राहते, असे त्यांचे प्रतिपादन.

परंतु हेच बॉनहोफर अटकेच्या थोडे आधी, १९४२ संपताना, आपल्या सोबत्यांसाठी लिहितात की इतकी वर्षे आपण वाईट कृत्यांचे मूक साक्षीदार झालो, सोंग घेण्याची आणि दुहेरी बोलण्याची कला शिकलो. आता आपण कोणाच्या उपयोगाचे उरलो आहोत काय? ज्याचे सोंग सर्वांत न्याय्य होते, त्यालाच ही वेदना झाली. मला वाटते, आपल्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. राहाबेचे खोटे आणि टोळीत शिरणाऱ्याचे खोटे ह्यांत एक फरक आहे. राहाबेने शत्रूला भलती वाट दाखवली. तिने त्याच्याशी मैत्री जोडली नाही. बहिर्जी नाईकांच्या वेषांतराच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो, त्यांतही बातमी काढण्याचे कौशल्य असते. गावात येणारा बहुरूपी इन्स्पेक्टर बनून दारात दरडावतो, पण ते सोंग आहे हे त्यालाही ठाऊक आणि आपल्यालाही ठाऊक. महिनोन्‌महिने एखाद्याच्या पंक्तीला जेवून, त्याच्या मुलांना खेळवून, त्याची दुःखे ऐकून, त्या जवळिकीचाच फास करणे ही निराळी गोष्ट आहे. शब्द खोटा असला तर तो एका क्षणापुरता असतो. मैत्री खोटी असली तर सारा माणूसच खोटा व्हावा लागतो.

जोसेफ पिस्टोन ह्या अमेरिकन अधिकाऱ्याने १९७६ ते १९८१ ह्या काळात डॉनी ब्रास्को हे नाव धारण करून न्यूयॉर्कच्या बोनान्नो टोळीत काढली. त्याच्या साक्षीमुळे शंभराहून अधिक गुन्हेगारांना शिक्षा झाल्या, आणि कितीतरी निरपराध वाचले असतील. हे काम शौर्याचे होते ह्यात शंका नाही. पण ज्या डॉमिनिक नापोलितानो याने त्याला आपला म्हणून जवळ केले, त्याला टोळीने त्याबद्दल ठार मारले. १९९७ साली त्यावर चित्रपट निघाला, त्याचा सारा भर पकडापकडीवर नसून एका म्हाताऱ्या गुंडाने ह्या खोट्या मित्रावर लावलेल्या जिवावर आहे. आपले गोविंद निहलानी यांनी १९९४ साली ह्याच जातीचा चित्रपट काढला, त्याला नाव दिले 'द्रोहकाल'. द्रोह कोणाचा, हे प्रेक्षकाने ठरवावयाचे.

मग राज्यसत्तेने असे काम करूच नये काय? रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे अधिकाऱ्याच्या हाती तलवार आहे, आणि ती व्यर्थ नाही. मुली पळवून विकणाऱ्या, विषारी पदार्थांचा व्यापार करणाऱ्या टोळ्या साक्षीदाराला जगू देत नाहीत. बाहेरून त्यांचा थांग लागत नाही. अशा ठिकाणी शिरणाऱ्या माणसाला मी पापी म्हणून हिणवणार नाही. मात्र त्या तलवारीला मर्यादा हव्यात. जो गुन्हा घडलाच नसता तो हेराने घडवून आणू नये. निरपराधाच्या प्रेमाची शिडी करू नये. इंग्लंडात १९६८ पासून पोलिसांनी निरनिराळ्या चळवळींत आपली माणसे पेरली. त्यांतील काहींनी मेलेल्या बालकांची नावे धारण केली आणि चळवळीतील स्त्रियांशी वर्षानुवर्षे खोटे संसार केले. ज्याच्यावर प्रीती केली तो माणूस मुळी अस्तित्वातच नव्हता, हे त्या स्त्रियांना मागाहून कळले. २०१५ साली लंडनच्या पोलीस खात्याला जाहीर क्षमा मागावी लागली. आणि तिसरी मर्यादा अशी की ज्याला आपण वापरतो त्याचे काय होते, हे पाहण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे. आमच्या हैदराबादेतच लाल बहादूर स्टेडियमवर २७ जानेवारी १९९३ रोजी के. एस. व्यास ह्या पोलीस अधिकाऱ्याचा नक्षलवाद्यांनी खून केला. त्या प्रकरणातील एक आरोपी नईमुद्दीन पुढे आपल्या जुन्या सोबत्यांविरुद्ध पोलिसांचाच खबऱ्या झाल्याचे वृत्तपत्रांतून वारंवार छापून आले. त्या आधारावर तो खंडणी आणि जमिनी बळकावणारा गुंड म्हणून माजला, आणि ८ ऑगस्ट २०१६ रोजी शादनगर येथे पोलिसांच्याच गोळ्यांनी मेला. फितुरीचे बी पेरले की पीक कोणते येईल हे पेरणाऱ्याच्या हाती राहत नाही.

हे राज्यसत्तेचे झाले. मंडळीचे काय? येथे आपल्याला आपल्या विश्वासाच्या मुळाशी जावे लागते. पहिल्या शतकांत काही लोक म्हणत की देवाचा पुत्र खरोखर मनुष्य झाला नाही. त्याने मनुष्याचे केवळ रूप धारण केले, भूक, तहान, मरण हे सारे दिसण्यापुरते होते. मंडळीने ही शिकवण खोटी ठरवली. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय पाहा. आपल्याला हा जुना धर्मशास्त्रीय वाद वाटतो, पण त्यात आपल्या तारणाचा आधार आहे. प्रभू येशू पापी जगात शिरला तो वेषांतर करून शिरला असता, तर तो स्वर्गाचा हेर झाला असता. जकातदारांच्या व पापी लोकांच्या पंक्तीला तो बसला तो पुरावा गोळा करण्यासाठी नव्हे. लोकांनी त्याला त्यांचा मित्र म्हणून हिणवले, आणि ते हिणवणे अक्षरशः खरे होते. जक्कयाच्या घरी तो जेवला तेव्हा जक्कयाला आपला पाहुणा कोण आहे हे ठाऊक होते. सोंग घेऊन पंक्तीला बसलेला एकच होता, तो यहूदा इस्कर्योत. आणि गेथशेमानेच्या बागेत त्याने मुके घेतले तेव्हाही प्रभूने त्याला मित्र म्हणूनच हाक मारली. खोट्या मैत्रीला खऱ्या मैत्रीने दिलेले ते उत्तर होते.

वाचकहो, ह्या विचाराचे टोक आता आपल्याकडे वळते. आपण अल्पसंख्य आहोत. आपल्या उपासनेत कोणी परके भाव धरून येऊन बसतो काय, ह्याची धास्ती पुष्कळ मंडळ्यांत आहे. असे चोरून शिरलेले खोटे बंधू होते हे पौलाने गलतीकरांस पत्रात लिहिले आहे, तेव्हा ही धास्ती नवी नाही. पण उलटा प्रश्न आपण स्वतःला विचारतो काय? शेजारच्या घरी आपण जातो, त्यांच्या आजारपणात डबा पोचवतो, दिवाळीचा फराळ घेतो, नाताळची करंजी देतो. हे सारे त्या शेजाऱ्यासाठी आहे, की त्याला गाठण्यासाठी? त्याने सुवार्तेकडे पाठ फिरवली, तर उद्यापासून डबा बंद होणार असेल, तर आपण त्याच्या घरात मित्र म्हणून गेलो नव्हतो. आपण 'सोथा' होतो. आपला हेतू कितीही उदात्त असो, शेजाऱ्याला जेव्हा ते कळेल तेव्हा ऑगस्टीनचा प्रश्न त्याच्या ओठी येईल : ज्यांची मैत्री खोटी, त्यांची सुवार्ता खरी कशी मानावी?

कोणी म्हणेल, पौल सर्वांना सर्व काही झाला असे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात आहे ना? होय, पण ते त्याने उघड पत्रात लिहिले, सर्व मंडळ्यांपुढे वाचले जावे म्हणून. ज्याला सोंग घ्यावयाचे तो ते जाहीर करीत नाही. आणि थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तोच सांगतो की आमच्या बोधात कपट नव्हते, आम्ही तुम्हांला सुवार्तेबरोबर आमचा जीवही द्यावयास तयार होतो, कारण तुम्ही आम्हांला प्रिय झाला होता. शेजारी प्रिय झाला की मग लपवण्याजोगे काही उरत नाही. आपण ख्रिस्ताचे आहोत हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असावे, आणि त्याने ख्रिस्ताला स्वीकारले नाही तरी आपण त्याचे शेजारी राहू हेही त्याला ठाऊक असावे.

आपल्या मंडळ्यांत पोलीस खात्यात नोकरी करणारी कुटुंबे आहेत. कर्तव्य म्हणून ज्यांना असे सोंग घ्यावे लागते, त्यांच्यासाठी मंडळीने एक जागा राखली पाहिजे, जेथे त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली जाईल. 'डॉन' मधल्या विजयसारखे त्यांचे खरे नाव एकाच माणसाबरोबर मरू नये. त्यांना शूर म्हणून टाळ्या देणे सोपे आहे, पापी म्हणून बाजूस सारणेही सोपे आहे. त्यांच्या मनावरचे ओझे ऐकून घेणे, आणि ज्यांना त्यांनी पकडून दिले त्या कैद्यांच्याही नावाने प्रार्थना करणे, हे अवघड आहे, आणि तेच आपले काम आहे.

पडद्यावरचा तो खेळ संपला की दिवे लागतात आणि नटांचे मुखवटे उतरतात. आपल्यासाठी दिवे लागण्याचा दिवस प्रभूच्या हाती आहे. त्या दिवशी आपल्या पंक्तीला जेवलेला प्रत्येक शेजारी तेथे उभा असेल. त्याच्या डोळ्यांत डोळा घालून, मी तुझा मित्र होतो, एवढे आपल्याला म्हणता यावे. ती तयारी आज, ह्या आठवड्यात, शेजारच्या दारापासून सुरू करावी.